गर्भपातावर बंदी आणली की जन्मदर खरंच वाढतो का?

सांजवारा:
नमस्कार. बरेच दिवस विचारू की नको असं चाललं होतं, आज विचारतेच. परवा ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत विषय निघाला की जगभर जन्मदर घसरतोय, तरुण कमी होत चाललेत, म्हाताऱ्यांना पुढे कोण सांभाळणार वगैरे, आणि त्यात एक सहकारी अगदी ठामपणे म्हणाले की उपाय सोपा आहे, गर्भपात बंद करा, दरवर्षी जेवढे गर्भ पाडले जातात तेवढी मुलं जास्त जन्माला येतील, साधी बेरीज आहे. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला ते आतून पटत नव्हतं पण बोलायला हातात काहीच नव्हतं म्हणून गप्प बसले, आणि घरी येईपर्यंत त्या गप्प बसण्याचाच राग येत राहिला.

तर कायदा कडक केल्यावर जन्म वाढतात का, वाढले तर किती आणि किती दिवस, आणि उलट कायदा सैल केला तर जन्मदर कोसळतो का? ज्या देशांनी हे करून पाहिलंय तिथलं कुणी वाचलं असेल तर सांगा प्लीज. चूक की बरोबर यावर भांडण नकोय, ते खूप झालंय, मला प्रत्यक्षात काय घडतं ते समजून घ्यायचंय.

आकडेमोड:
चांगला प्रश्न आहे. माझं शिक्षण संख्याशास्त्रातलं आणि लोकसंख्या हा आवडीचा विषय, त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

या विषयात सगळे आधी रुमानियाकडे बोट दाखवतात आणि ते बरोबरच आहे, कारण इतका मोठा आणि इतका अचानक प्रयोग दुसरीकडे कुठे झालेला नाही. तिथे १९५७ पासून गर्भपात कायदेशीर होता, आणि दुसरी गर्भनिरोधकं फारशी मिळतच नव्हती म्हणून तोच पाळणा लांबवायचा मुख्य मार्ग झाला होता, १९६५ साली जन्मलेल्या एका बाळामागे चार गर्भपात असं प्रमाण होतं. ऑक्टोबर १९६६ मध्ये हुकूमशहा चाउशेस्कूच्या सरकारने आदेश क्रमांक ७७० काढला आणि एका फटक्यात जवळपास सगळ्यांना गर्भपात बंद केला, सवलत फक्त ४५ च्या पुढच्या बायकांना, चार मुलं असलेल्यांना आणि काही वैद्यकीय किंवा बलात्कारासारख्या कारणांना. १९६६ मध्ये २ लाख ७४ हजारांच्या आसपास मुलं जन्मली होती, १९६७ मध्ये ती ५ लाख २८ हजारांच्या घरात गेली. म्हणजे एका वर्षात जवळजवळ दुप्पट. एकूण जननदर, म्हणजे एका बाईला आयुष्यात सरासरी किती मुलं होतील तो आकडा, १.९ वरून ३.७ वर.

तुमचे सहकारी इथपर्यंतचंच वाचून थांबले असावेत. पण ग्राफ पुढे बघा. आदेश निघाला तेव्हा ज्यांना दिवस गेलेले होते आणि ज्यांना लगेच नंतर गेले त्या सगळ्याजणी अडकल्या, त्यांना दुसरी वाटच माहीत नव्हती. वाट सापडायला वर्ष-दीड वर्ष लागलं. मग कुणी चोरून गोळ्या आणल्या, कुणी दिवस मोजायला लागलं, कुणी ओळखीच्या बाईकडे जाऊन पोट पाडून घेतलं, आणि आकडा दरवर्षी खाली येत गेला. १९८३ पर्यंत जन्मदर पुन्हा बंदीच्या आधीच्या पातळीला आला होता, बंदी तशीच चालू असताना. त्यानंतर सरकारने आणखी आवळलं, कारखान्यांमध्ये कामगार बायकांची स्त्रीरोग तपासणी सक्तीची केली, पंचविशीपुढच्या मूल नसलेल्यांवर जादा कर होताच, तरी १९६७ परत आलं नाही.

आणि किंमत काय दिली ती बघा. १९८९ पर्यंत रुमानियातला मातामृत्यू दर युरोपात सगळ्यात जास्त झाला होता, एक लाख जिवंत जन्मांमागे १७० च्या आसपास बायका मरत होत्या, आणि त्यातल्या बहुतेक गर्भपाताच्या कारणाने. डिसेंबर १९८९ मध्ये राजवट पडली, नव्या सरकारने पहिल्या काही दिवसांतच हा कायदा रद्द केला आणि पुढच्या एका वर्षात मातामृत्यू जवळपास निम्मे झाले. एका वर्षात दवाखाने नवीन झाले नव्हते, डॉक्टर तेच होते, फक्त कायदा गेला होता. मला हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा बराच वेळ दुसरं काही वाचवेना.

खिडकीपाशी:
आकडेमोड, छान लिहिलंत. एक शंका. रुमानिया हुकूमशाही होती, गर्भनिरोधकंच नव्हती, म्हणजे टोकाचं उदाहरण झालं. आजच्या साध्या लोकशाही देशात काय होतं? पोलंडचं नाव खूप ऐकते.

आकडेमोड:
हो, पोलंड आजच्या काळाला जास्त जवळचं आहे. तिथे १९९३ मध्ये कायदा कडक झाला, तेव्हा जननदर १.८५ च्या आसपास होता. वाढायला हवा होता ना? दहा वर्षांत, २००३ मध्ये, तो १.२२ वर आला. मग ऑक्टोबर २०२० मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायाधिकरणाने गर्भात गंभीर व्यंग असलं तरी गर्भपात नाही असा निकाल दिला, जानेवारी २०२१ पासून तो लागू झाला, आणि २०२४ मध्ये जननदर १.१ च्या आसपास. बंदीमुळे तो घसरला असं मी म्हणत नाहीये हं, नोकऱ्या, घरांचा खर्च, उशिरा लग्न, तरुण मंडळी परदेशात जाणं अशी पुष्कळ कारणं आहेत. पण बंदीने तो थांबवला नाही एवढं तर उघड दिसतं. बायका जर्मनीत, चेकियात, नेदरलँड्सला जातात किंवा पोस्टाने गोळ्या मागवतात.

माल्टा बघा, युरोपियन युनियनमधला सगळ्यात कडक कायदा तिथला, २०२३ पर्यंत आईचा जीव वाचवायलासुद्धा कायद्यात स्पष्ट सवलत नव्हती. आणि २०२३ मध्ये सगळ्या युनियनमध्ये सगळ्यात कमी जननदर कुणाचा, तर माल्टाचाच, १.०६.

दक्षिण कोरिया तर आणखी बोलका. १९५३ पासून गर्भपात गुन्हा, थोड्या सवलती १९७३ मध्ये आल्या, आणि २०१८ साली, म्हणजे तो गुन्हाच असताना, जननदर ०.९८ वर आला. तिथे कुटुंबनियोजनाची मोहीम जोरात होती तेव्हा सरकार या कायद्याकडे काणाडोळा करायचं, त्यामुळे कागदावरचा कायदा आणि खरा कायदा वेगळे होते, हे पण लक्षात ठेवायला हवं. आयर्लंडमध्ये उलट बंदी अगदी खरी होती, तरी सत्तरच्या दशकातला चारच्या जवळचा जननदर नव्वदीच्या मध्यापर्यंत दोनच्या खाली आला. गर्भनिरोधकं मिळायला लागली, मुली शिकल्या, नोकरी करायला लागल्या, आणि ज्यांना गर्भपात हवा होता त्या बोटीने इंग्लंडला गेल्या.

वाटसरू:
मी उघडच सांगतो, मी गर्भपाताच्या विरोधात आहे, माझ्या दृष्टीने तो एक जीव आहे. त्यामुळे हा धागा वाचताना जरा अस्वस्थ झालो पण आकडे नाकारायची माझी इच्छा नाही. फक्त एक म्हणायचंय. परिणाम शून्य असतो असा सूर लागतोय तो खरा आहे का? अमेरिकेत २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला, त्या निकालानंतर बंदी आली त्या राज्यांमध्ये जन्म वाढल्याचं मी वाचलंय. ती मुलं खरी आहेत, जन्मलीयेत, त्यांना मोजायचं नाही असं कसं चालेल?

आणि दुसरं, माझ्या बाजूच्या लोकांनाच सांगतो, जन्मदर वाढवायला बंदी हवी हा युक्तिवाद कृपा करून करू नका. मूल जन्मावं ते त्याच्यासाठी, उद्या आपली पेन्शन भरायला माणूस हवा म्हणून नाही. हे बोलणं मला माझ्याच माणसांकडून ऐकताना फार लागतं.

आकडेमोड:
वाटसरू, तुमचं बरोबर आहे आणि मी ते आधीच लिहायला हवं होतं. परिणाम शून्य नसतो. अमेरिकेत १४ राज्यांमध्ये पूर्ण किंवा सहा आठवड्यांनंतरची बंदी आली, तिथला २०२३ अखेरपर्यंतचा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात जन्म अपेक्षेपेक्षा १.७ टक्क्यांनी जास्त निघाले, म्हणजे २२ हजारांहून थोडे जास्त जन्म. त्याच राज्यांमध्ये अर्भकमृत्यू अपेक्षेपेक्षा ५.६ टक्क्यांनी वाढले, जन्मतःच गंभीर व्यंग असलेल्या बाळांचे मृत्यू त्यात बरेच. आणि तेवढ्या काळात सगळ्या देशाचा जननदर खालीच जात होता, २०२३ मध्ये १.६२.

उलट दिशेने पण परिणाम दिसतो. अमेरिकेतच १९७० च्या सुमाराला पाच राज्यांनी बाकीच्यांच्या आधी गर्भपात खुला केला, म्हणून तुलना करता येते. तिथे जन्म इतरांच्या मानाने चार-पाच टक्क्यांनी कमी झाले, किशोरवयीन मुलींमध्ये घट त्याहून बरीच जास्त. शेजारच्या राज्यांशी तुलना केली की फरक कमी दिसायचा, लांबच्या राज्यांशी केली की जास्त, कारण जवळच्या बायका गाडी पकडून यायच्या. जपानने १९४८ मध्ये कायदा केला, १९४९ मध्ये आर्थिक कारणाची तरतूद घातली, आणि १९४७ चा ४.५ चा जननदर दहा वर्षांत जेमतेम दोनवर आला, तिथे गर्भपाताचा वाटा खूप मोठा होता कारण गर्भनिरोधक गोळीला मान्यताच १९९९ मध्ये मिळाली. म्हणजे दुसरी साधनं नसतील तिथे कायद्याचा धक्का मोठा बसतो, साधनं असतील तिथे एक-दोन टक्क्यांवर येतो, आणि ते एक-दोन टक्के कोण? ज्यांच्याकडे प्रवासाला पैसे नाहीत, रजा मिळत नाही, घरी आधीची लेकरं कुणाकडे सोडायची ते कळत नाही, किंवा ज्या इतक्या लहान आहेत की कुणाला विचारायचं हेच माहीत नाही.

अजून एक, ते बेरजेचं गणित का चुकतं ते. एखादीने गर्भपात केला तर ती महिन्याभरात पुन्हा गर्भ राहण्याच्या अवस्थेत येते. मूल झालं असतं तर उरलेले महिने आणि नंतर अंगावर पाजण्याचा काळ धरून तिला बरेच दिवस पुन्हा दिवस राहिले नसते. म्हणून लोकसंख्याशास्त्रात एक गर्भपात म्हणजे एक जन्म कमी असं कधीच धरत नाहीत. जॉन बोंगार्ट्स यांच्या मॉडेलमध्ये कुणीच गर्भनिरोधक वापरत नसेल तर एका गर्भपातामागे ०.४ जन्म टळतो, सगळ्या वापरत असतील तर ०.८. आणि यात बंदीनंतर लोक जास्त जपून वागायला लागतात तो भाग अजून धरलेलाच नाही.

रात्रपाळी:
मी आकड्यातली नाही. वीस वर्षं प्रसूती विभागात नर्स होते, त्यातली काही वर्षं अशा देशात जिथे तेव्हा गर्भपाताला बंदी होती. देशाचं आणि हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही.

एक रात्र सांगते. दोन वाजले असतील, एक बाई आली, नवऱ्याने दंडाला धरून आणलेली, उकाड्यात अंगावर दोन शाली आणि तरी दात वाजत होते. काय झालं विचारलं तर न्हाणीघरात पाय घसरला म्हणाली. डॉक्टरांनी विचारलं, तेच. मी विचारलं, तेच, शब्दन् शब्द तोच, पाठ करून आल्यासारखा. पण शाल बाजूला केली आणि वास आला तेव्हाच कळलं की आत पू झालाय, चार-पाच दिवसांचं तरी असणार. बीपी ८० वर, हात बर्फासारखे, नखं निळसर. शिर सापडेना म्हणून मी तिच्या अंगावर वाकून सुई लावत होते तेव्हा ती कानात म्हणाली, सिस्टर, पोलिसांना नका ना सांगू, घरी दोन पोरं एकटी झोपलीयेत.

ती वाचली. पण पिशवी काढावी लागली, वय सत्तावीस. आता तुम्ही जन्मदराचं बोलताय म्हणून लिहिते, तिला पुढे कधी अजून एखादं मूल हवं झालं असतं का मला माहीत नाही, पण तो प्रश्नच त्या रात्री संपला. अशा पिशव्या मी एक नाही, बऱ्याच पाहिल्या. डब्ल्यूएचओचा अंदाज आहे की जगात होणाऱ्या १०० गर्भपातांपैकी ४५ असुरक्षित असतात, आणि त्यातून वाचलेल्या कितीतरी जणींना पुढे मूल होत नाही. जन्म वाढवायच्या हिशोबात या बायका कुठे येतात कुणी सांगेल का?

खिडकीपाशी:
रात्रपाळी ताई, वाचून सुन्न झाले. लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार.

सांजवारा:
सगळ्यांचे खूप आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. रात्रपाळी ताईंचं वाचल्यावर आता मी पण लिहिते, आधी लिहायचं धाडस नव्हतं.

मी स्वतः गर्भपात केलाय. लग्नाला आठ महिने झाले होते, नवऱ्याची नोकरी नुकतीच गेलेली, माझी प्रोबेशनवर, सासूबाईंचं आजारपण चालू, आणि पाळी चुकली. आम्ही दोघांनी तीन रात्री जागून ठरवलं. कायद्याने परवानगी होती, डॉक्टर चांगल्या होत्या, दुसऱ्या दिवशी मी घरी होते. नंतर रडले, खोटं कशाला बोलू, पण पस्तावले नाही. चार वर्षांनी मुलगी झाली आणि तिच्या पाठीवर तीन वर्षांनी मुलगा. ते पहिलं मूल झालं असतं तर तिसरं नक्कीच नसतं झालं, कदाचित दुसरंही नसतं, आम्हाला दोनच हवी होती आणि त्या परिस्थितीत तर एकावरच थांबलो असतो.

तर ऑफिसात ते गणित चालू असताना माझ्या डोक्यात हेच होतं की माझा गर्भपात यांच्या हिशोबात उणे एक धरायचा का? माझ्या घरात दोन मुलं खेळतायत आणि हे म्हणतायत माझ्यामुळे एक कमी झालं. आकडेमोड, असं कुणी मोजतं का की आधी गर्भपात केला आणि नंतर मुलं झाली?

आकडेमोड:
सांजवारा ताई, लिहिलंत हे फार मोठं आहे. मोजतात. आणि तुमची गोष्ट अपवाद नाही.

जननदराच्या अभ्यासात दोन गोष्टी वेगळ्या धरतात, एक म्हणजे आयुष्यभरात एकूण मुलं किती आणि दुसरी म्हणजे ती कधी. एखाद्या वर्षाचा जननदर त्या वर्षापुरता असतो, त्यामुळे मुलं फक्त पुढे ढकलली गेली तरी तो आकडा खाली दिसतो आणि लवकर झाली तर वर दिसतो, एकूण संख्या बदललेली नसली तरीसुद्धा. पुष्कळ गर्भपात हे ‘मूल नको’ पेक्षा ‘आत्ता नको’ या प्रकारचे असतात. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी जवळपास एक हजार बायकांचा पाच वर्षं पाठपुरावा केला, काहींना गर्भपात मिळाला होता आणि काही थोड्या दिवसांच्या फरकाने मुदत उलटली म्हणून परत पाठवल्या गेल्या होत्या. ज्यांना मिळाला त्यांच्यात पुढच्या पाच वर्षांत हवं असताना दिवस राहण्याचं प्रमाण जास्त होतं. ज्यांना परत पाठवलं त्या पैशाच्या अडचणीत जास्त सापडल्या, आणि त्यांची आधीची मुलंसुद्धा, कारण अमेरिकेत गर्भपात करणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त जणी आधीच आई असतात.

त्यामुळे तुमच्या बाबतीत उणे एक नाही. तुमच्याच शब्दांवर जायचं तर अधिक एक.

वाटसरू:
सांजवारा ताई, माझं मत वेगळं आहे ते तुम्हाला माहीत आहे, पण तुम्ही लिहिलेलं मी दोनदा वाचलं. तुम्हा तिघींना आणि घरच्या चौथ्यालाही... म्हणजे चौघांनाही शुभेच्छा, नीट लिहिता येत नाहीये. मला एवढं पटलं की मूल व्हावं असं वाटत असेल तर त्या तीन रात्री तुम्ही ज्या कारणांनी जागल्या त्या कारणांवर आधी बोलायला हवं. नोकरी, आजारपण, मूल सांभाळायला माणूस. माझ्या बाजूने या गोष्टींवर कुणी मोर्चा काढलेला मी पाहिलेला नाही आणि ते मला खटकतं.

खिडकीपाशी:
एक अजून विचारते, बंदी असलेल्या देशात गर्भपात किती होतात ते मग कसं कळतं? कुणी सांगणारच नाही ना.

आकडेमोड:
नाहीच सांगत. म्हणून थेट मोजता येत नाही, आडून अंदाज बांधतात. गर्भपातानंतरच्या गुंतागुंतीमुळे हॉस्पिटलात किती जणी आल्या ते बघतात, गोळ्यांची विक्री बघतात, किंवा सर्वेक्षणात बाईला स्वतःबद्दल न विचारता तिच्या जवळच्या मैत्रिणीबद्दल विचारतात, नाव न घेता. २०१५ ते २०१९ च्या जागतिक अंदाजात वर्षाला ७ कोटी ३० लाखांच्या आसपास गर्भपात निघाले, आणि कायदा कडक असलेल्या देशांत ते प्रमाण मोकळ्या देशांच्या मानाने फारसं कमी निघालं नाही. पण हॉस्पिटलच्या नोंदींवर किती भरवसा ठेवायचा हे मात्र रात्रपाळी ताईच सांगू शकतील.

रात्रपाळी:
त्या बाईच्या केसपेपरवर मी स्वतः लिहिलंय, माझ्या अक्षरात, “न्हाणीघरात घसरून पडल्याने रक्तस्राव”. डॉक्टरांनी बघितलं, काही बोलले नाहीत, खाली सही केली.